डायलायझर अंगाला कितपत मानवतो: पडदा, निर्जंतुकीकरण आणि धुणं

डायलायझर म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गाळणारी, आत पोकळ तंतूंचा पडदा असलेली नळी. त्याच्या लेबलवर सगळ्यांची नजर आधी दोन आकड्यांवर जाते: पडद्याचं क्षेत्रफळ किती चौरस मीटर आणि केयूएफ, म्हणजे पाणी सोडण्याचा वेग, किती. रुग्णाच्या अंगाला तो मानवेल की नाही याचा बराचसा अंदाज देणारी ओळ मात्र त्याच लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. निर्जंतुकीकरण कशाने केलं आहे? वाफेने, गॅमा किरणांनी, ई-बीमने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने, की ईटीओने, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूने? आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आजच्या नामांकित डायलायझरांचे पडदे एकमेकांच्या पुष्कळ जवळ आले आहेत. रुग्णाला त्रास होतो तो पुष्कळदा पडद्याबरोबर आत आलेल्या अवशेषांचा, अपुऱ्या धुण्याचा किंवा खराब पाण्याचा. म्हणून खालच्या आढाव्यात पडद्याचं नाव हा एकच निकष धरलेला नाही.

रक्ताचा प्रवाह मिनिटाला २५० मिली धरला, तर चार तासांच्या एका सत्रात ६० लिटर रक्त या पोकळ तंतूंतून जातं. म्हणजे अंगातलं सगळं रक्त दहा-बारा वेळा परक्या पृष्ठभागावरून फिरतं. आठवड्याला दोन सत्रं असली तरी वर्षाला १०४, तीन असली तर १५६. एखाद्या औषधाची किरकोळ ॲलर्जी माणूस सोसून नेईल, पण इतक्या वेळा होणारा किरकोळ दाहसुद्धा किरकोळ राहत नाही.

तुलनेसाठी जुन्या क्युप्रोफॅनपासून सुरुवात करायला हवी. तो शुद्ध सेल्युलोजचा पडदा, आणि त्याच्या साखळीवर जागोजागी मोकळे हायड्रॉक्सिल गट. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं त्यांना जिवाणूचं कवच समजून बिलगतात, सी३ए आणि सी५ए हे तुकडे तयार होतात आणि पांढऱ्या पेशी चिकट होऊन फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. १९७७ मध्ये क्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडून दाखवली. सत्र सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांतच पांढऱ्या पेशींची संख्या धाडकन कोसळते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि तासा-दीड तासात पेशी परत येतात. ‘डायलिसिसला बसलं की छातीत दडपतं’ या तक्रारीमागे तेव्हा बऱ्याचदा हेच असायचं. क्युप्रोफॅन आता इतिहासजमा झाला आहे, पण सध्याचे डायलायझर किती पुढे आले हे मोजायला तोच टप्पा धरावा लागतो.

सध्याचा राजा पॉलिसल्फोन. फ्रेझेनियसने १९८३ च्या सुमारास तो आणला आणि आज जगभरातल्या बहुसंख्य डायलायझरांत तो किंवा त्याचा सख्खा भाऊ पॉलिइथरसल्फोन असतो. मूळ पॉलिसल्फोन पाण्याला दूर सारणारा. त्याला पाण्याची ओढ लागावी म्हणून त्यात पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी मिसळतात. पोव्हिडोन-आयोडिनमधलं पोव्हिडोन ते हेच. ही मिसळ कॉम्प्लिमेंटला फारसं डिवचत नाही, पांढऱ्या पेशींची घसरण नाममात्र राहते आणि बहुतेकांना काही जाणवतही नाही. क्युप्रोफॅनच्या तुलनेत हा फरक कागदावरचा नाही, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या श्वासात दिसणारा आहे.

याच घराण्यातला एफ६एचपीएस (पुढे नुसता एफ६) हा डायलायझर आपल्याकडच्या अनेक युनिटांत दिसतो. १.३ चौरस मीटर, लो-फ्लक्स (बारीक छिद्रांचा), केयूएफ ८.५, तंतूंत मावणारं रक्त सुमारे ७८ मिली, निर्जंतुकीकरण वाफेने. तात्काळ सहनशीलतेच्या बाबतीत आमच्याकडून पूर्ण गुण. वाफेत घातक रासायनिक अवशेष मागे राहायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे पहिल्यांदा डायलिसिसला बसणाऱ्या, अंगात ॲलर्जी असलेल्या किंवा दमेकरी माणसासाठी याहून निर्धोक सुरुवात अवघड. उणीव लांबच्या पल्ल्याची आहे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हा ११,८०० डाल्टनचा रेणू या छिद्रांतून जवळजवळ जातच नाही. मूत्रपिंड पूर्ण बंद पडलेल्या माणसात तो साचत राहतो, काही वर्षांनी सांध्यांत आणि मनगटाच्या बोगद्यात ॲमिलॉइड बनून बसतो, खांदे दुखतात, रात्री बोटं बधिर होतात. पाच-दहा मिनिटांत अंगावर पित्त उठणं जसं न मानवण्याचं लक्षण, तसंच आठ-दहा वर्षांनी हात आखडणं हेही. प्रत्यारोपणाची वाट बघणाऱ्याला सहा महिने एफ६ चालेल. वर्षानुवर्षं डायलिसिसवरच राहणार असलेल्याला आम्ही तो कायमचा सुचवणार नाही.

त्याच्यासाठी हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांचा. एफएक्स ८० हा १.८ चौरस मीटरचा, केयूएफ ५९, तंतूंत मावणारं रक्त ९५ मिली, हाही वाफेचा, आणि बाहेरची नळी पॉलिकार्बोनेटऐवजी पॉलिप्रॉपिलीनची. बीटा-२ चांगला निघतो. २००२ च्या हेमो अभ्यासात हाय-फ्लक्समुळे एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. २००९ च्या एमपीओ अभ्यासात मात्र अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन डेसिलिटरला ४ ग्रॅम किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांना फायदा दिसला, आणि आपल्याकडे डायलिसिसला येणाऱ्यांत खालावलेलं अल्ब्युमिन अगदी नेहमीचं आहे.

पण हाय-फ्लक्सला एक अट आहे आणि ती विकत घेताना कोणी सांगत नाही. या तंतूंत रक्त शिरतं त्या टोकाला पाणी बाहेर पडतं, आणि दुसऱ्या टोकाकडे दाब उलटून थोडं डायलिसिस द्रव रक्तात शिरतं. यालाच बॅक-फिल्ट्रेशन म्हणतात. सत्राला मिनिटाला ५०० मिलीप्रमाणे १२० लिटर द्रव पडद्याच्या पलीकडून वाहतं. त्यात जिवाणूंच्या कवचाचे तुकडे असतील तर ते थेट रक्तात. साध्या डायलिसिस पाण्याची मर्यादा मिलीलिटरला जिवाणूंच्या १०० वसाहतींखाली आणि एंडोटॉक्सिन (कवचाचे हे तुकडे) ०.२५ युनिटाखाली अशी आहे. अतिशुद्ध द्रवासाठी ती अनुक्रमे ०.१ आणि ०.०३ आहे. यंत्राच्या मागे एंडोटॉक्सिन अडवणारा फिल्टर बसवलेला नसेल, तो वेळेवर बदलला जात नसेल, आरओची पाइपलाइन नियमित निर्जंतुक होत नसेल, तर महागडा एफएक्स ८० साध्या एफ६पेक्षा अंगाला वाईट. थंडी वाजून ताप येतो आणि दोष पडद्याला दिला जातो. अशा युनिटने आधी पाण्यावर खर्च करावा, मग हाय-फ्लक्स घ्यावा.

निप्रोचा एलिसिओ पॉलिइथरसल्फोनचा, कोरडा गॅमाने निर्जंतुक केलेला, नळी पॉलिप्रॉपिलीनची. पॉलिसल्फोन आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनतात आणि त्याचा अंश रक्तात उतरतो हे मोजलं गेलं आहे. एलिसिओत तो नाही. एवढ्याच कारणासाठी, छान चाललेल्या रुग्णाचा डायलायझर बदला असं आम्ही म्हणणार नाही, पण नव्याने निवडायचा असेल तर ही जमेची बाजू आहे. गॅमाने प्लास्टिकच्या साखळ्या थोड्याफार तुटतात, म्हणून याला पहिल्या धुण्यात हात आखडता घेऊ नये.

आता एक चूक जी फार ठिकाणी होते. पॉलिसल्फोनवर कोणाला रिॲक्शन आली की त्याला पॉलिइथरसल्फोनवर टाकतात आणि प्रश्न सुटला असं समजतात. दोन्हींत पीव्हीपी आहे. मूळ त्रास पीव्हीपीचा असेल तर नाव बदलून काही होत नाही. खरा पर्याय सेल्युलोज ट्रायअसिटेट: सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांवर ॲसिटेटची टोपी चढवलेली, त्यामुळे क्युप्रोफॅनचा दोष बराच झाकलेला, आणि पीव्हीपी नाही. निप्रोच्या शुअरफ्लक्स मालिकेत तो मिळतो. पॉलिसल्फोन न मानवणाऱ्या रुग्णांसाठी प्रत्येक मोठ्या युनिटने याचे दोन-चार नग कपाटात ठेवावेत असं आम्हाला आग्रहाने वाटतं; रिॲक्शनच्या दिवशी वितरकाला फोन लावत बसायची वेळ येऊ नये.

एएन६९ हा पडदा वेगळ्या स्वभावाचा. त्याच्यावर तीव्र ऋण विद्युतभार असतो. रक्त लागताच रक्त गोठवणाऱ्या साखळीतला फॅक्टर १२ जागा होतो आणि रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकायनिन तयार होतं. निरोगी माणसात ते क्षणात मोडलं जातं, पण ते मोडणारं विकर म्हणजेच एसीई. रुग्ण रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या एसीई अडवणाऱ्या प्रेशरच्या गोळ्यांपैकी काही घेत असेल तर ते मोडत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत चेहरा लाल, जीभ सुजलेली, रक्तदाब जमिनीवर. १९९० पासून ही जोडी धोक्याची म्हणून माहीत आहे. लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटाची औषधं एसीईला हात लावत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबरोबर तो धोका सहसा येत नाही. एएन६९ एसटी या सुधारित प्रकारात पृष्ठभागावर धनभारित थर देऊन हा भार झाकलेला असतो. रक्त गोठू न देणारं हेपरिनही त्याला धरून राहतं. आयसीयूत याचा उपयोग आहे. नेहमीच्या डायलिसिससाठी, जिथे अर्धे रुग्ण कुठल्या ना कुठल्या प्रेशरच्या गोळीवर असतात आणि गोळी परस्पर बदलली जाते, तिथे आम्ही तो निवडणार नाही.

ईटीओकडे वळू. हा वायू रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतो, त्या जोडगोळीविरुद्ध काहींच्या शरीरात आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या वेळी गंभीर ॲलर्जी उसळते. तंतूंची टोकं ज्या पॉलियुरेथेनमध्ये बसवलेली असतात, ते पॉलियुरेथेन हा वायू शोषून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. म्हणून ईटीओचा डायलायझर धुऊन तसाच तासभर लटकवून ठेवला तर आत पुन्हा वायू साचतो. धुणं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत रुग्ण जोडला गेला नाही तर पुन्हा किमान अर्धा लिटर सलाइन सोडावं.

आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त निसटते: डायलायझर वाफेचा घेतला, पण ट्यूबिंग (रक्ताच्या नळ्या) आणि फिस्टुलाच्या, म्हणजे हातातल्या शिरेत टोचायच्या, सुया ईटीओच्याच राहिल्या. ईटीओची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्या दोन सुयांनीही पुरतं. पाकिटावर ईओ अशी अक्षरं चौकोनात छापलेली असतात. गॅमा, ई-बीमसाठी आर आणि वाफेसाठी तापमापीचं चिन्ह. बदल करायचा तर तिन्ही वस्तूंचा एकदम.

ई-बीमबद्दलही एक खूणगाठ बांधून ठेवावी. २०१० च्या सुमारास कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ई-बीमने निर्जंतुक केलेल्या पॉलिसल्फोन डायलायझरांवर अनेक रुग्णांच्या प्लेटलेट सत्रानंतर घसरलेल्या आढळल्या, आणि पद्धत बदलल्यावर त्या सुधारल्या. प्लेटलेट विनाकारण कमी दिसत असतील तर सत्राआधी आणि सत्रानंतर असे दोन नमुने पाठवावेत. हेपरिनमुळे होणारी घट साधारण हेपरिन सुरू केल्यापासून पाच ते दहा दिवसांत दिसते. पडद्याची घट प्रत्येक सत्रात दिसते.

अवशेष किती जीवघेणा ठरू शकतो याचं सर्वात दुःखद उदाहरण २००१ चं. बॅक्स्टरच्या अल्थेन मालिकेतल्या काही डायलायझरांत, कारखान्यात गळती तपासताना वापरलेलं परफ्लुरोकार्बन द्रव राहून गेलं. ते रक्तात मिसळत नाही, अंगाच्या उष्णतेने त्याचा वायू होतो आणि फुप्फुसांत बुडबुडे अडकतात. स्पेन, क्रोएशिया आणि इतर देशांत मिळून ५० हून अधिक रुग्ण दगावले. पडदा साधा, मान्यताप्राप्त सेल्युलोज डायअसिटेटचा होता.

आता धुण्याची रीत, कारण चांगला डायलायझर बिघडतो तो इथेच. लाल टोक खाली ठेवून डायलायझर उभा टांगावा, म्हणजे सलाइन खालून वर चढताना हवा पुढे ढकलत नेतं. पंप १०० ते १५० मिलीवर. आधी रक्ताची बाजू भरावी, द्रवाची बाजू नंतर जोडावी. उलट केलं तर कोरड्या तंतूंत हवेचे तुकडे कोंडून राहतात. वाफेच्या किंवा गॅमाच्या डायलायझरला निदान १ लिटर, ईटीओच्या डायलायझरला निदान २ लिटर सलाइन, आणि पत्रकात जास्त सांगितलं असेल तर तेवढं. हे सगळं सांडायचं. मग दोन्ही टोकं जोडून द्रव सुरू ठेवून दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं. हवा काढायला तळहाताने हलकं थोपटावं. आर्टरी फोरसेप्सने ठोकण्याची सवय वाईट, नळीला तडा जातो. रुग्ण जोडताना नळ्यांत उरलेलं सलाइन शक्यतो बाहेर काढावं, शरीरात देऊ नये. घाईच्या शिफ्टमध्ये अर्ध्या लिटरवर भागवलं जातं आणि वाचलेल्या सलाइनची किंमत रुग्ण खाजेने मोजतो.

तरीही रिॲक्शन आली तर वेळ बघावी. पहिल्या काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, सुईच्या जागी आग, अंगभर उष्णता, खाज, पित्ताच्या गांधी, शिंका, धाप, पोटात कळ, ‘आता काही खरं नाही’ ही भावना: हा पहिला, गंभीर प्रकार. पंप बंद, दोन्ही नळ्यांना चिमटा, आणि रक्त परत द्यायचं नाही. दोनशे मिली रक्त गेलं तर जाऊ द्यावं. ज्याने त्रास झाला तेच पुन्हा अंगात ढकलायचं नसतं. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम, ऑक्सिजन, मग हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲव्हिल. वीस-चाळीस मिनिटांनी नुसती छातीत किंवा पाठीत दुखत असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर दुसरा प्रकार: ऑक्सिजन द्यावा, हृदयविकार नाही ना याची ईसीजीने खात्री करावी, सत्र सहसा पुढे नेता येतं. थंडीताप असेल तर पाणी किंवा कॅथेटर (शिरेत ठेवलेली नळी) बघावं. नळीतलं रक्त एकदम पारदर्शक लालभडक दिसलं तर ते रक्तपेशी फुटल्याचं लक्षण. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं का, द्रव जास्त तापलं का, नळीला पीळ पडला का हे तपासायचं आणि तेही रक्त परत द्यायचं नाही. नुकतंच शिरेतून दिलेलं लोह किंवा नवीन बॅचचं हेपरिनही विसरू नये. २००८ मध्ये भेसळयुक्त हेपरिनचा उलगडा झाला, तो डायलिसिसच्या रुग्णांना एकामागून एक रिॲक्शन आल्यामुळेच.

रीयूजबद्दल, म्हणजे तोच डायलायझर धुऊन पुन्हा वापरण्याबद्दल, स्पष्ट बोलायला हवं. क्युप्रोफॅनच्या काळात रीयूजला जैविक कारण होतं: पहिल्या वापरात पडद्यावर प्रथिनांचा थर बसायचा आणि दुसऱ्यांदा तो कमी डिवचायचा. आजच्या पॉलिसल्फोनला त्या थराची गरज नाही. आता रीयूज फक्त पैशासाठी आहे, आणि पैशासाठी करायचा तर नीट करायला हवा. पहिल्या वापराआधी प्रत्येक डायलायझरचा टीसीव्ही, म्हणजे तंतूंत मावणारं आकारमान, मोजून त्यावरच लिहायचा. मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली गेला की कचऱ्यात. एफ६चा मूळ टीसीव्ही ७८ आला असेल तर ६२.४ ही शेवटची पायरी. निर्जंतुक करायला पेरासिटिक आम्ल भरल्यावर किमान ११ तास मुरू द्यायचं, जोडण्याआधी धुऊन पट्टीने ३ पीपीएमच्या खाली आल्याची खात्री करायची. चार टक्के फॉर्मल्डिहाइडला २४ तास लागतात, आणि त्याचा अंश राहिला तर रुग्णात एन-विरोधी (रक्तपेशींवरच्या एन खुणेविरुद्धची) प्रतिपिंडं तयार होऊन रक्तपेशी फुटतात. आम्ही फॉर्मलिन पूर्ण बंद करावं या मताचे आहोत. ब्लीचने तंतू पांढरेशुभ्र दिसतात, पण छिद्रं मोठी होऊन अल्ब्युमिन गळतं. रीयूजचं पाणीही डायलिसिसच्याच दर्जाचं हवं. बाजूची टोपी उघडून गुठळ्या काढताना ओ-रिंगखाली जिवाणू राहतात, म्हणून ती रिंग वेगळी काढून निर्जंतुक केल्याशिवाय परत बसवू नये. एसीई अडवणारं औषध घेणाऱ्यांना रीयूज केलेल्या डायलायझरांवरही ब्रॅडिकायनिनसारख्या रिॲक्शन आल्याचं १९९२ पासून नोंदलेलं आहे. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला रीयूज नाहीच.

ट्यूबिंग पीव्हीसीची असते आणि तिला मऊ ठेवणारं डीईएचपी रक्तातल्या चरबीबरोबर थोडं उतरतं. लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी डीईएचपी-मुक्त संच मागवावा. पॉलियुरेथेनच्या कॅथेटरवर पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेलं मलम लावलं की ते हळूहळू ठिसूळ होतं, म्हणून मुपिरोसिनचं मलम लावण्याआधी कॅथेटरचं पत्रक वाचावं. कातडी पुसायच्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची गंभीर ॲलर्जीही असते आणि ती डायलायझरच्या खात्यावर जमा होते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलायझर कोणता हे रुग्ण निवडत नाही, केंद्र ठरवतं. तरी नातेवाइकांनी विचारायच्या गोष्टी साध्या आहेत: निर्जंतुकीकरण कशाने, नवीन की रीयूजचा, रीयूज असेल तर कितवा आणि टीसीव्ही किती, पाण्याचा शेवटचा कल्चर अहवाल कोणत्या तारखेचा. चांगलं युनिट ही माहिती फाइल उघडून दाखवतं.

रिॲक्शन आल्यावर फाइलवर नुसतं ‘पॉलिसल्फोन ॲलर्जी’ लिहून भागत नाही. डायलायझरचं पूर्ण नाव, लॉट नंबर, पडदा, निर्जंतुकीकरण, ट्यूबिंग आणि सुयांचं निर्जंतुकीकरण, किती सलाइनने धुतलं, हेपरिनची बॅच, त्या दिवशीच्या गोळ्या आणि पंप सुरू झाल्यापासून कितव्या मिनिटाला त्रास झाला, एवढं हवं. गंभीर प्रकार असेल तर पुढच्या सत्राला ईटीओ आणि तो पडदा दोन्ही टाळायचे. सौम्य असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी दुप्पट धुणं, मग तिन्ही वस्तूंचं निर्जंतुकीकरण, मग पडदा, शेवटी हेपरिन. रुग्ण लग्नकार्याला दुसऱ्या गावी जाऊन तिथे सत्र घेणार असेल तर हीच नोंद एका कागदावर त्याच्या खिशात द्यावी, आणि चालणाऱ्या डायलायझरचा एक नग आणि ट्यूबिंगचा संच बरोबर.